पाण्याच्या शोधात सरकत गेलेली राजधानी : छत्रपती संभाजीनगर पाहण्याआधी

बहुतेक प्रवाशांच्या लेखी छत्रपती संभाजीनगर हे मुक्कामाचं गाव आहे. स्टेशनजवळ नाहीतर सिडकोत खोली घ्यायची, एक दिवस वेरूळ, एक दिवस अजिंठा, वाटेत दौलताबाद आणि उरलेल्या वेळात बीबी का मकबरा. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, एवढं बघून तिकिटं काढली की झालं. शहराच्या वाट्याला एखादी संध्याकाळ येते. त्यात रिक्षावाला दोन-तीन वेशी दाखवतो, ‘बावन्न दरवाजांचं शहर’ म्हणून सांगतो आणि हिमरू या इथल्या विणलेल्या कापडाच्या दुकानासमोर सोडतो.

पण हे शहर मुळात इथे का वसलं? शेजारून वाहते ती खाम नदी, उन्हाळ्यात तिला नदी म्हणायला धीर लागतो. गोदावरी पन्नास किलोमीटर दक्षिणेला राहते. तरीही सतराव्या शतकात दख्खनच्या राजकारणाचं केंद्र इथे होतं आणि हिंदुस्थानचा बादशहा इथून कारभार बघत होता. याचं उत्तर शहरात एके ठिकाणी मिळत नाही. त्यासाठी आधी पैठणला, मग देवगिरीवर आणि मग खडकीत असं जावं लागतं. कारण या टापूतली सत्ताच तशी सरकत आली.

पैठणची जागा निवडायला फार विचार करावा लागला नसणार. गोदावरीचं पात्र, काठाला काळी जमीन आणि उत्तरेकडे भडोचच्या बंदराला जाणारी वाट. सातवाहनांनी इथून राज्य केलं तेव्हा हे प्रतिष्ठान होतं. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या एका प्रवासवर्णनात भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवरचं पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवरचं तगर, म्हणजे आजचं धाराशिव जिल्ह्यातलं तेर, या दोन बाजारपेठांची नोंद आहे. पैठणहून गाड्या भरभरून गोमेद दगड बंदराकडे जात. नाणेघाट, जुन्नर, पितळखोरे, अजिंठा ही लेण्यांची आणि घाटांची रांग याच व्यापाराच्या वाटांवर उभी आहे. लेणी पाहताना हे लक्षात ठेवलं तर ‘एवढ्या आडरानात कोणी कोरलं असेल?’ हा प्रश्न पडत नाही. ते आडरान नव्हतं, तो हमरस्ता होता.

राजधानी गेल्यावरही पैठण संपलं नाही. धर्मशास्त्राचं पीठ म्हणून त्याचा दरारा राहिला. ज्ञानदेवादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्याच ब्रह्मवृंदापुढे जावं लागल्याची कथा त्या दरार्‍याचीच आहे. सोळाव्या शतकात एकनाथ इथलेच. आजही नाथषष्ठीला दिंड्यांनी गाव भरतं, आणि पैठणीचं नाव तर गावापेक्षा मोठं झालं आहे.

यादव भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस देवगिरीला राजधानी वसवली ती मात्र नदी सोडून. सपाटीत एकटाच उठलेला सुळका, कडे तासून उभे केलेले, पायाशी कातळात खोदलेला खंदक. गडावर चढणारा आजही त्या अंधारी नावाच्या भुयारी वाटेत भिंतीला हात लावून चालतो. शत्रूला इथेच गाठायचं, ही त्यामागची योजना. इतक्या भक्कम गडाचं दुखणं तटबंदीत नव्हतं, पोटात होतं. १२९६ साली अल्लाउद्दीन खलजी अचानक येऊन थडकला तेव्हा रामदेवरायाची बरीचशी फौज युवराजाबरोबर बाहेर होती. गड लढून पडला नाही, शिबंदीच्या दाण्यागोट्याचा प्रश्न उभा राहिला आणि खंडणी कबूल करावी लागली. पुढच्या पंचवीसेक वर्षांत यादवांचं राज्य संपलं.

महंमद तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीतली मंडळी इथे आणली आणि देवगिरीचं दौलताबाद झालं, ही गोष्ट शाळेतच वाचलेली असते. ‘वेडा महंमद’ एवढ्यावर ती संपते, ते मला पटत नाही. दक्षिण ताब्यात ठेवायची तर दिल्ली लांब पडते, हा त्याचा हिशोब चूक नव्हता. साडेतीनशे वर्षांनी औरंगजेबाने नेमका तोच हिशोब मांडला. तुघलक परत गेला, पण त्याच्याबरोबर आलेले सगळे परतले नाहीत. बुर्‍हाणुद्दीन गरीब आणि त्यांच्या परंपरेतले सूफी डोंगरावर स्थायिक झाले, त्यांच्या दर्ग्यांभोवती आजचं खुलदाबाद वाढलं. उत्तरेची भाषा इथे रुजून दखनी झाली. हिमरूचं विणकाम आणि नानखलिया हा नान-मटणाचा पदार्थ यांचीही मुळं लोक त्याच स्थलांतरापर्यंत नेतात.

आता खडकी. नावातच जमिनीचं वर्णन आहे.

१६०० साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला आणि निजामशाहीला गादी कुठे ठेवायची हाच प्रश्न पडला. परांडा झालं, जुन्नर झालं, मग दौलताबाद. हे सगळं चालवणारा माणूस मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून हातोहात विकला जात अहमदनगरला पोचलेला आणि शेवटी निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला. गड पाठीशी राहील पण बाजार, फौज आणि वाडे यांना ऐसपैस जागा मिळेल, म्हणून त्याने १६१० मध्ये दौलताबादच्या पूर्वेला खडकी हे गाव निवडलं. मराठे सरदारांनी इथे वाडे बांधले. मालोजी, विठोजी भोसल्यांच्या कुळाची माणसं इथे नांदत होती. वेरूळची पाटीलकी त्यांच्याकडेच होती, म्हणजे हे घरापासून हाकेच्या अंतरावर. शहाजीराजे याच अंबराच्या तालमीत तयार झाले आणि १६२४ च्या भातवडीच्या लढाईत निजामशाहीकडून लढले. त्या लढाईतही अंबराने शत्रूच्या वाटेवर तलावाचं पाणी सोडून चिखल केला होता. पाण्याचं शस्त्र कसं करायचं हे त्याला ठाऊक होतं.

शहराचं पाणीही त्यानेच आणलं. हर्सूलच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी जे पाणी जमिनीत मुरतं ते त्याने जमिनीखालीच धरलं. विहिरी आणि दगडी भुयारं खणून झिरपा गोळा केला आणि अगदी मंद उतारावरून तो शहराकडे वळवला. वर धरण नाही, कालवा नाही, त्यामुळे उन्हाने पाणी उडत नाही आणि वेढा घालणार्‍याला फोडायला काही सापडत नाही. ठरावीक अंतरावर माणूस उतरेल एवढ्या उभ्या विहिरी ठेवल्या, साफसफाईसाठी आणि हवा खेळण्यासाठी. वस्तीत शिरल्यावर भुयाराच्या जागी भाजलेल्या मातीच्या नळ्या येतात, चुन्यात पक्क्या बसवलेल्या. बंद नळीतलं पाणी जिथून निघालं त्या उंचीपर्यंत चढू बघतं. त्याचा जोर नळ्या फोडेल, म्हणून वाटेत दगडी मनोरे. पाणी एका नळीने मनोर्‍यात वर चढतं, वरच्या कुंडीत त्यातली हवा सुटते, जोर मोडतो, गाळ बसतो आणि दुसर्‍या नळीने ते खाली उतरून पुढच्या मोहल्ल्यात जातं. ना मोट, ना रहाट. १६१७ च्या सुमाराची ही नहर-ए-अंबरी. पुण्याला नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून आणलेलं पाणी याच जातीचं, पण ते सव्वाशेहून जास्त वर्षांनंतरचं.

जुन्या शहरात फिरताना एखाद्या घराच्या भिंतीला चिकटलेला, वर काहीच नसलेला, जाडजूड चौकोनी खांब दिसला तर तो पडक्या वाड्याचा अवशेष समजून पुढे जाऊ नका. तो बहुतेक नहरीचा मनोरा असतो. पुढच्या काळात अशा आणखी नहरी झाल्या, बेगमपुर्‍यातला थत्ते हौद त्यांपैकीच एकीचा.

खडकी मोगलांनी १६१६ मध्ये जाळली आणि अंबराने ती पुन्हा उभी केली. या माणसावर जहांगीर इतका चिडलेला होता की अंबराच्या मुंडक्यावर आपण बाण मारतो आहोत असं चित्र त्याने काढून घेतलं. प्रत्यक्षात अंबर १६२६ मध्ये म्हातारपणी मेला, आणि त्याची कबर खुलदाबादला आहे. मोगलांवरच्या विजयाची आठवण म्हणून त्याने बांधलेली भडकल वेस अजून उभी आहे. शहरातल्या सगळ्या वेशींत धिप्पाड तीच. आता तिच्याजवळ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे आणि चौदा एप्रिलला तिथे पाय ठेवायला जागा नसते.

अंबरानंतर त्याचा मुलगा फत्तेखान याने गावाला फतेहनगर म्हटलं. १६३३ मध्ये दौलताबाद पडलं आणि सगळाच मुलूख मोगलांकडे गेला. १६५३ मध्ये औरंगजेब दुसर्‍यांदा दख्खनचा सुभेदार होऊन आला तेव्हा औरंगाबाद हे नाव पडलं. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नामांतरावरच्या वादात एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. १६६७ मध्ये, शिवाजी महाराज आग्र्याहून सुटून आल्यावर झालेल्या तहानुसार, दहा वर्षांचे संभाजीराजे खरोखरच या शहरात आले होते. शहजादा मुअज्जम तेव्हा सुभेदार होता आणि मराठ्यांच्या तुकडीबरोबर प्रतापराव गुजर होते.

मोगल काळात शहर पुर्‍यांनी वाढलं. फौजेबरोबर येणारा प्रत्येक मोठा सरदार आपली वसाहत थाटायचा. रिक्षात बसून आपण सहज पदमपुरा, कर्णपुरा, जयसिंगपुरा म्हणतो, त्यातले पहिले दोन बिकानेरच्या पदमसिंह आणि करणसिंहाचे, तिसरा मिर्झाराजे जयसिंगाचा. कर्णपुर्‍याच्या देवीची नवरात्रातली यात्रा ही शहरातली सर्वांत मोठी जत्रा. राजस्थानी छावणीच्या जागी मराठवाड्याचा बाजार भरतो. तटबंदी बरीच नंतरची. औरंगजेब बादशहा म्हणून मराठ्यांवर चालून आला, त्यानंतर १६८२ च्या सुमारास ती मराठ्यांच्याच धास्तीने बांधली गेली. दिल्ली दरवाजा, पैठण दरवाजा, मकाई (मक्केचा) ही नावं म्हणजे कुठला रस्ता कुठे जातो याच्या पाट्या. बावन्न हा आकडा लहानमोठ्या वेशी आणि खिडक्या, म्हणजे तटातली छोटी दारं, धरून होतो. तट कधीच गेला, त्यामुळे दरवाजे आता रस्त्याच्या मधोमध एकेकटे उभे दिसतात आणि गाड्या दोन्ही अंगांनी जातात.

मकबर्‍याबद्दल थोडक्यात. औरंगजेबाची बेगम दिलरास बानू १६५७ मध्ये इथे वारली, तिचं हे थडगं. मुलगा आझमशहाने आईसाठी बांधलं, असं सर्रास सांगतात. आझमचा जन्म १६५३ चा आणि दारावरच्या लेखातलं साल १६६०-६१, तेव्हा सात-आठ वर्षांच्या मुलाने काय बांधलं असेल ते ज्याचं त्याने ठरवावं. फार तर पुढे त्याने डागडुजी केली असेल. त्याच लेखात अताउल्ला या वास्तुकाराचं आणि हंसपतराय या अभियंत्याचं नाव आहे. घुमट आणि कमरेपर्यंतचा भाग संगमरवरी, बाकी दख्खनचा काळा दगड आणि त्यावर घोटीव गिलावा. ताजमहालाशी तुलना करून ‘गरिबांचा ताज’ म्हणायची खोड लागली आहे, ती सोडून गिलाव्यावरचं नक्षीकाम जवळून बघा. दगडात जमणार नाही असं काम त्यात आहे.

वेळ कमीच असेल तर मकबर्‍यातला अर्धा तास वाचवून पाणचक्कीला द्यावा, असं माझं मत. बाबा शाह मुसाफिर हे बुखाराकडून आलेले सूफी. त्यांच्या दर्ग्यासाठी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात डोंगरातून स्वतंत्र नहर आणली. नळीतून भिंतीत चढवलेलं पाणी उंचावरून रुंद पडद्यासारखं हौदात कोसळतं, आणि त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरून यात्रेकरूंसाठी पीठ दळलं जाई. कारंजी आणि मासे बघून लोक परततात, पण हौदाच्या खाली उतरा. तिथे खांबांचं दालन आहे आणि त्याचं छत म्हणजेच हौदाचा तळ. मे महिन्यात त्या दालनात शिरलं की बांधणार्‍याला उन्हाळा किती कळला होता ते समजतं.

औरंगजेब १७०७ मध्ये अहमदनगरजवळ वारला आणि खुलदाबादला साध्या कबरीत पुरला गेला. मधल्या काळात या शहराने उर्दूला वली आणि सिराज हे दोन मोठे कवी दिले. १७२४ नंतर निजाम-उल-मुल्क, हैदराबादच्या निजामांचा मूळपुरुष, इथून दक्षिणेचा धनी झाला. त्याला बाजीरावाने १७२८ मध्ये वैजापूरकडच्या पालखेडला गाठलं ते समोरासमोरच्या झुंजीत नव्हे. तोफखान्यापासून तोडून, जिथे पाण्याची सोय नाही अशा जागी कोंडून त्याला मुंगी-शेवगावच्या तहावर आणलं. पुढे १७६३ मध्ये त्याचा मुलगा निजामअली याने बिर्‍हाड हैदराबादला हलवलं आणि शहराचं राजधानीपण संपलं ते कायमचं. नंतरची दीडएकशे वर्षं झोपेतच गेली म्हणायची. १९०० मध्ये मनमाडहून हैदराबादकडे जाणारी रेल्वे आली तेव्हा बाहेरच्या जगाशी पुन्हा सांधा जुळला. शहर खरं बदललं ते हैदराबाद मुक्तीनंतर. बाबासाहेबांनी १९५० मध्ये मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, १९५८ मध्ये विद्यापीठ आलं आणि मग कारखाने.

कारखाने आणि वस्ती यांच्यापुढे नहरींचं काही चालण्यासारखं नव्हतं. रस्ते खोदताना, पाया भरताना कित्येक नळ्या फुटल्या, हर्सूलकडच्या झिरप्यावर इमारती चढल्या. पैठणला जायकवाडीचं नाथसागर धरण झालं, पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली आणि लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी. शहर आज पितं ते याच जलाशयाचं पाणी. नहरीत पाणी उताराने येत असे, हे मात्र जलवाहिनीतून चढावर पंपांनी ढकलत आणावं लागतं. वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली की नळाचा दिवस पुढे जातो. मोठी नवी जलवाहिनी हा इथल्या प्रत्येक निवडणुकीचा विषय आहे. धरणावर हिवाळ्यात गेलात तर दुर्बीण जवळ ठेवा, नाथसागर हे पक्षी अभयारण्यही आहे.