'इसोला' हे केंटचं पदार्पण नव्हे, कितीदा सांगायचं

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी मला एखादं जुनं इंग्रजी परीक्षण पाठवतं. सोबत एक ओळ: "तुझ्या त्या स्वीडिश बँडच्या पहिल्याच अल्बमचं काय कौतुक केलंय बघ." उघडून पाहावं तर कौतुक आहे, अगदी तोंड भरून आहे, पण ज्याचं आहे तो अल्बम 'इसोला'. म्हणजे केंटचा तिसरा. आधी मी नीट समजावून सांगायचे. मग नुसती सालं लिहून पाठवायला लागले. आता एकदाच सगळं लिहून ठेवते, म्हणजे पुढच्या वेळी हेच पुढे सरकवता येईल.

'इसोला' तुम्ही ऐकलाय असं धरून चालते, कारण केंट ज्यांनी स्वीडनबाहेर ऐकला त्यांनी बहुतेक तोच ऐकलेला असतो. नोव्हेंबर 1997 मध्ये स्वीडिशमध्ये आला, 1998 मध्ये इंग्रजीत. निर्माता झेड. इसोला म्हणजे इटालियनमध्ये बेट, आणि अल्बमचा एकूण सूरही तसाच, चहूबाजूंनी थंड पाणी. शेवटी ते '747' नावाचं लांबलचक गाणं, ज्यात गायक थांबल्यावरही वाद्यं कितीतरी वेळ उडत राहतात. एवढं पुरे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ असेल.

खरा पहिला अल्बम 15 मार्च 1995 रोजी आला आणि त्याचं नाव नुसतं 'केंट'. बँडचंच नाव अल्बमला दिल्यामुळेही थोडा गोंधळ होतो, पण तो किरकोळ. (केंट हे स्वीडनमध्ये पुरुषाचं अगदी साधं नाव आहे. इंग्लंडमधल्या परगण्याशी किंवा सिगारेटशी संबंध जोडत बसू नका.) ही पोरं एस्किल्स्टूनाची. स्टॉकहोमच्या पश्चिमेला असलेलं हे लोखंड-पोलादाचं, चाकू-कात्र्यांचं जुनं कारखानदारी गाव. बँड 1990 मध्ये जमला, आधी 'जोन्स आणि विष' अशा अर्थाचं काहीतरी नाव होतं, मग 'समुद्री देवदूत' झालं, मग केंट. गायक आणि गीतकार युआकिम बॅर्य, ज्याला आपल्याकडे सगळे जोआकिम बर्ग म्हणतात. बेसवर मार्टिन शल्ड, ड्रमवर मार्कुस मुस्तोनेन, गिटारवर सामी सिर्व्यो आणि मार्टिन रूस. मुस्तोनेन आणि सिर्व्यो ही फिनिश आडनावं. कारखान्यांत कामाला आलेल्या फिन लोकांची त्या गावात मोठी वस्ती आहे. पहिल्या अल्बमचा निर्माता निले पेर्नेड. दुसरा अल्बम 'वेर्कलिगेन' बरोबर वर्षाने, 1996 च्या मार्चमध्ये आला, निर्माता तोच. त्यातल्या 'क्रेम' या गाण्याने बँड स्वीडनभर पसरला. तोवर रूस गिटार ठेवून व्यवस्थापनाकडे वळला होता आणि त्याच्या जागी हारी मेन्टी आला.

म्हणजे लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या समीक्षकाच्या टेबलावर 1998 मध्ये जी सीडी पोचली, तिच्यामागे दोन अख्खे अल्बम आणि आठ वर्षांची घासाघीस होती. त्याने ती 'नवा बँड' म्हणून ऐकली. त्याचा दोष नाही, त्याच्या भाषेत ती पहिलीच होती. आपल्याकडे एखादा मुलगा तीन मोसम रणजी खेळून भारताकडून पहिली कसोटी खेळतो, तेव्हा टीव्हीवाले "पदार्पण" म्हणतात ते बरोबरच असतं. पण त्याच्या पहिल्या रणजी सामन्याबद्दल लिहायला बसलात आणि त्या कसोटीतलं शतक तिथे चिकटवलंत तर? इथे नेमकं तेच होतं. 'इसोला'ची स्तुती उचलून 1995 च्या अल्बमला डकवली जाते, आणि मग "पहिल्याच प्रयत्नात इतकी प्रगल्भता" वगैरे वाक्यं तयार होतात. त्या अल्बममध्ये प्रगल्भता नाही हो! असती तर मला तो इतका आवडला नसता.

मूळ घोटाळा इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

सगळ्यात जास्त डोकं फिरवणारं वाक्य म्हणजे "केंटचा पहिला अल्बम रेडिओहेडच्या छायेतला", म्हणजे त्या नावाजलेल्या ब्रिटिश रॉक बँडच्या. 'इसोला'च्या बाबतीत हे म्हणायला जागा आहे. रेडिओहेडचा 'ओके कॉम्प्युटर' 1997 च्या मे-जूनमध्ये आला, 'इसोला' त्याच नोव्हेंबरमध्ये, आणि इंग्रजी समीक्षकांनी दोघांची नावं एका दमात घेतली. मला ती तुलना आळशी वाटते, पण निदान कॅलेंडरमध्ये बसते. 1995 चं काय? रेडिओहेडचा त्याआधीचा अल्बम 'द बेंड्स' ब्रिटनमध्ये दुकानात आला 13 मार्च 1995 रोजी. 'केंट' आला 15 मार्चला. मध्ये दोन दिवस. दोन दिवसांत अल्बम ऐकून, नक्कल करून, ध्वनिमुद्रित करून, सीडी छापून दुकानात मांडणारा बँड असेल तर त्याचं कौतुक वेगळ्या कारणासाठी करायला हवं. रेडिओहेडचं आधीचं 'क्रीप' हे गाणं ऐकलं असेल की, नव्वदीच्या सुरुवातीला गिटार हातात घेतलेल्या कुणी ते ऐकलं नव्हतं? पण ज्या रेडिओहेडशी तुलना करतात तो रेडिओहेड तेव्हा जन्मायचा होता. परीक्षणात 'ओके कॉम्प्युटर'चा उल्लेख दिसला की पुढे वाचायचीही गरज नाही, ते पहिल्या अल्बमबद्दल असूच शकत नाही.

आता कानाने तपासा. 'इसोला'मधली गाणी जागा सोडून बसतात. गिटार दूरवरून येते, आवाज खालच्या पट्टीत, गायक जणू खिडकीबाहेर बघत बोलतोय. 'केंट' लावला की पहिल्या 'ब्लोजीन्स' या गाण्यापासूनच दोन गिटारी एकमेकींना ढकलत पुढे येतात. बॅर्यचा आवाज वर चढतो, चिरतो, कधीकधी नुसता ओरडतो. गाण्यांची नावंच बघा: 'मला घाबरायचं नाही', 'कुणी तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही', 'अदृश्य माणूस', 'हाताला भोक पडलेला मुलगा'. ही लहान गावात मार खाल्लेल्या, कोपऱ्यात बसलेल्या पोराची यादी आहे. 'इसोला'तला माणूस मोठा झालाय, विमानात बसलाय, खाली गाव दिसेनासं होतंय. भावना दोन्हीकडे आहे, पण पहिल्यात ती अजून ओली आहे आणि तिसऱ्यात तिच्यावर बर्फ धरलाय. दोन्हीला एकच "भावस्पर्शी" विशेषण लावून मोकळे होणारे लोक मला कळत नाहीत.

आणि 'इमो' म्हणणारे तर मुळीच नाही. इमो ही अमेरिकी हार्डकोर पंकमधून निघालेली शाखा, तिचं मूळ ऐंशीच्या दशकातल्या वॉशिंग्टन डी.सी.मध्ये. केंट तिकडून आलेला नाही. रडवेलं गाणं म्हणजे इमो असेल तर आपल्याकडची निम्मी भावगीतं इमो ठरतील.

स्वीडिश समीक्षकांनी 1995 मध्ये या अल्बमचं चांगलं स्वागत केलं, हे खरं. ते का केलं हे समजायला त्या वेळचा स्वीडन आठवावा लागतो. आबापासून रॉक्सेट आणि एस ऑफ बेसपर्यंत जगभर गेलेलं सगळं स्वीडिश पॉप इंग्रजीत. गिटारवाल्या नव्या पिढीतही पॉप्सिकल, कार्डिगन्स, ब्रूडर डानियल इंग्रजीतच गात होते. स्वीडिशमध्ये गाणारी रॉकची जुनी परंपरा होती, एब्बा ग्रेन आणि इम्पेरिएत होते, पण त्यांचा भर चीड आणि राजकारणावर. एस्किल्स्टूनाचा हा मुलगा आपल्या मातृभाषेत, गिटारींच्या भिंतीआडून, स्वतःच्या भीतीबद्दल गात होता. त्या कौतुकात शब्दांचा वाटा मोठा असणारच. 1998 चा इंग्रजी समीक्षक ते शब्द ऐकतच नव्हता, त्याच्या कानावर पडत होतं ते खुद्द बँडने करून दिलेलं इंग्रजी रूप. त्याने साहजिकच वातावरण, आवाज, पोत यांची स्तुती केली. दोन्ही प्रशंसा खऱ्या. पण एक प्रशंसा शब्दांची आहे आणि दुसरी हवेची, आणि त्या एकमेकींच्या जागी बसवता येत नाहीत.

ता.क. सारखी एक तक्रार मध्येच घुसडते. "क्रिटिकल अक्लेम"चं "टीकात्मक प्रशंसा" असं मराठी करणाऱ्यांनी कृपया थोडी विश्रांती घ्यावी. ज्ञानेश्वरीला गीतेवरची टीका म्हणत होतो तो काळ वेगळा. आज टीका म्हणजे झोडपणं, आणि झोडपून केलेली प्रशंसा म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही. "समीक्षकांनी वाखाणलं" म्हणा. शब्द कमी होतात असंही नाही, फक्त अर्थ लागतो.

मी हे इतक्या पोटतिडकीने लिहितेय त्याला कारण आहे. नोकरीनिमित्त चार वर्षं स्वीडनमधल्या वेस्टेरोसला होते. एस्किल्स्टूना तिथून गाडीने तासाभराच्या आत. एका शनिवारी तिथल्या जुन्या बाजारात, ज्याला ते लोप्पिस म्हणतात, भांडी आणि बाळाच्या बुटांच्या मध्ये सीडींची पेटी होती. 20 क्रोनरला 'केंट' मिळाला. विकणाऱ्या आजोबांनी सीडी उलटीपालटी केली आणि म्हणाले, "इथलेच आहेत." बस्स, एवढंच. त्या देशात यापेक्षा जास्त अभिमान उघड दाखवणं बरं दिसत नाही. तेव्हा माझं स्वीडिश बेताचंच होतं. भाषेच्या वर्गात बाईंनी 'रेद', म्हणजे घाबरलेला, हा शब्द घेऊन वाक्य करायला सांगितलं तेव्हा मी त्या अल्बममधल्या गाण्याचं नावच ठोकून दिलं. बाई क्षणभर थांबल्या आणि पुढचं गाणं कुठलं ते विचारलं. मला तोपर्यंत 'इसोला' इंग्रजीत पाठ होता आणि त्यातलं एकही वाक्य त्या वर्गात उपयोगाचं नव्हतं.

इंग्रजी 'इसोला' आणि स्वीडिश 'इसोला' यांतही फरक आहे, तो दोन ओळींत उरकते. इंग्रजीत 'व्हेल्व्हेट' हे एक गाणं जास्त आहे, आणि तुम्हाला थोडंफार स्वीडिश येत असेल तर इंग्रजी आवृत्तीकडे परत जाववत नाही. पुढच्या 'हाग्नेस्टा हिल' या अल्बमचं असंच झालं, 1999 मध्ये स्वीडिश, 2000 मध्ये इंग्रजी. त्यानंतर बँडने इंग्रजीचा नाद सोडला. मला वाटतं छान केलं. 2002 चा 'वापेन ओ अम्युनिशून' फक्त स्वीडिशमध्ये निघाला आणि घराघरात पोचला. 2016 च्या डिसेंबरमध्ये स्टॉकहोमच्या टेले-टू अरेनामध्ये निरोपाच्या दौऱ्याची शेवटची मैफल झाली, तीही स्वीडिशमध्येच.

हा आजार एकट्या केंटचा नाही. फागेश्टा या स्वीडिश गावच्या हाइव्ह्ज बँडचा 'युअर न्यू फेव्हरिट बँड' 2001 मध्ये ब्रिटनमध्ये गाजला आणि कित्येकांनी तो त्यांचा पहिला मानला. तो तर अल्बमही नव्हे, जुन्या ध्वनिमुद्रणांतून वेचून काढलेला संग्रह. त्यांचं खरं पदार्पण 1997 चं. परदेशी गिऱ्हाईक दुकानात शिरलं त्या दिवशी दुकान उघडलं, असा हा हिशेब.

कुणाला पटत नसेल तर केंटने स्वतःच पुरावा छापून ठेवलाय. एकेरी ध्वनिमुद्रिकांच्या मागच्या बाजूला आलेल्या गाण्यांचा त्यांचा एक संग्रह 2000 मध्ये निघाला. त्याच्या नावातच '95–00' आहे. '97' नाही, '98' तर नाहीच.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका मित्राला हे सगळं फोनवर ऐकवलं. त्याने शांतपणे ऐकलं, "पाठव मग तो खरा पहिला" म्हणाला. पाठवला. दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज: "अगं, जबरदस्त आहे. पण ह्यात '747' कुठाय?"