समलिंगी स्त्रीजीवनविषयक माहितीपट

स्त्रियांचे परस्परांवरील प्रेम, सहजीवन आणि समान हक्कांसाठीचा लढा यांचे प्रत्यक्ष व्यक्ती व घटनांच्या आधारे चित्रण करणारे अनुबोधपट. कथापट येथे संदर्भापुरतेच घेतले आहेत.

या विषयावरचा भारतातील पहिला माहितीपट कोणता, याचे उत्तर कसोटीनुसार बदलते. प्रतिभा परमार यांच्या ‘खुश’चे (१९९१) नाव बहुधा आधी घेतले जाते. पण तो ब्रिटनच्या चॅनल फोर वाहिनीसाठी तयार झाला; त्यात भारताबरोबर ब्रिटन व उत्तर अमेरिकेतील दक्षिण आशियाई स्त्रिया बोलतात, पुरुषही बोलतात. निर्मितीचा देश प्रमाण मानला तर तो बाद ठरतो, बोलणारी माणसे प्रमाण मानली तर टिकतो. दुसरी कसोटी अधिक सयुक्तिक वाटते. शेर्ना दस्तूर यांच्या ‘मंजुबेन ट्रक ड्रायव्हर’ची (२००२) अडचण निराळी. गुजरातेत ट्रक चालवणारी, पुरुषी रुबाबात वावरणारी मंजुबेन कोणत्याच सदरात नीट बसत नाही. तिला येथे गणावे ते सावधपणेच.

मराठीत हा विषय रंगभूमीवर आधी आला (विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’, १९८१). मुंबईत १९९५ मध्ये ‘स्त्री संगम’ हा समलिंगी व उभयलिंगी आकर्षण असलेल्या स्त्रियांचा गट सुरू झाला. डिसेंबर १९९८ मध्ये दोन स्त्रियांच्या प्रेमावरील दीपा मेहता यांच्या ‘फायर’ या कथापटाविरुद्ध मुंबई-दिल्लीत चित्रपटगृहांवर हल्ले झाले आणि त्याला उत्तर म्हणून समलिंगी स्त्रिया उघडपणे रस्त्यावर उतरल्या.

कायद्याच्या अंगाने पाहता समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३७७ ची चर्चा मुख्यतः पुरुषांभोवती फिरली. स्त्रियांच्या बाबतीत कुटुंबाचे हत्यार बहुधा वेगळे असते: मुलगी मैत्रिणीबरोबर निघून गेली की अपहरणाची किंवा बेपत्ता झाल्याची तक्रार. अशा कागदांतूनच अनेकदा ही आयुष्ये नोंदली जातात. देबलीना यांचा बंगाली माहितीपट ‘एबं बेवारिश’ (२०१३) नंदीग्राममध्ये २०११ साली एकत्र जीव दिलेल्या दोन तरुणींविषयी आहे. घरच्यांनी त्यांचे मृतदेह ताब्यात घेतले नाहीत. निर्मिती समलिंगी स्त्रियांच्या हक्कांसाठी काम करणाऱ्या कोलकात्याच्या ‘साफो फॉर इक्वॅलिटी’ या संस्थेची. माहितीपट तक्रार आणि मृत्यू यांच्याच वाटेने या जीवनापर्यंत पोहोचावा, ही या प्रकाराची मोठी मर्यादा होय. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्यातून वगळले. विवाहाचा हक्क मात्र सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मान्य केला नाही.

महानगरांबाहेर असा माहितीपट करणे का अवघड, हे सोलापूरवरून कळते. तेथील स्त्रियांचा सार्वजनिक इतिहास प्रामुख्याने कामगार म्हणून लिहिला गेला. विडी कामगार महिलांसाठी कुंभारीजवळ उभारलेली, २००६ मध्ये हस्तांतरित झालेली दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत हे त्याचे ठळक उदाहरण. विडी घरीच वळली जाते, त्यामुळे घर हेच कामाचे ठिकाण आणि एकांत दुर्मीळ. कॅमेऱ्यासमोर चेहरा न दाखवता बोलायचे म्हटले तरी आवाज शेजारी ओळखणारच.

प्रदर्शनाचा प्रश्न तांत्रिक आहे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यानुसार सार्वजनिक खेळाला प्रमाणपत्र लागते. महोत्सवांना त्यातून सूट मिळू शकते, म्हणून मुंबईच्या ‘कशिश’ या समलिंगी व पारलिंगी विषयांवरील चित्रपट महोत्सवात (२०१० पासून) असे माहितीपट दिसू शकतात; सोलापुरातील हौशी चित्रपट मंडळाला मात्र प्रत्येक खेळासाठी सभागृहमालकाची मर्जी सांभाळावी लागते. त्यात इंग्रजी उपशीर्षके मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या या शहरात थोड्यांनाच पुरतात.