अंधाराशिवाय हलणारी चित्रे

दरवर्षी 28 डिसेंबर उजाडला की सिनेमाच्या वाढदिवसाचे संदेश फिरू लागतात, कारण 1895 साली त्या दिवशी ल्युमिए बंधूंनी पॅरिसच्या ग्रँ कॅफेत तिकीट लावून चित्रपट दाखवले. त्यांचे कर्तृत्व मोठेच आहे. परंतु त्याच शहरात, ग्रेव्हँ या मेणपुतळ्यांच्या संग्रहालयात, 28 ऑक्टोबर 1892 पासून एमिल रेनो पडद्यावर हलती चित्रे दाखवत होता, हे त्या संदेशांत कधी नसते. 'अमुक गोष्टीचा जनक' ठरवण्याच्या हौसेत अशी माणसे हरवतात.

रेनोच्या आधी झोएट्रोप नावाचे खेळणे लोकप्रिय होते. फिरत्या डब्याच्या आतून चित्रांची पट्टी लावायची आणि डब्याला पाडलेल्या उभ्या फटींतून पाहायचे. फट डोळ्यांसमोर येई तेवढाच क्षण चित्र दिसे, बाकी वेळ काळी भिंत. त्यामुळे सारे अंधुक. रेनोने 1877 मध्ये फटींचा नाद सोडला आणि डब्याच्या मधोमध बारा आरशांचे कडे बसवले, पट्टीवरच्या प्रत्येक चित्रासमोर एक आरसा. हा त्याचा प्राक्सिनोस्कोप.

खरी करामत अंतरांत आहे. सपाट आरशासमोर वस्तू जितकी दूर, तितकीच तिची प्रतिमा आरशामागे दिसते. समजा, पट्टी अक्षापासून 12 सेंटिमीटरवर आहे आणि आरसे बरोबर निम्म्यावर, 6 सेंटिमीटरवर. मग प्रतिमा आरशामागे 6 सेंटिमीटरवर, म्हणजे नेमकी अक्षावर दिसणार. डबा फिरतो, चित्र आणि आरसा दोन्ही फिरतात, पण अक्ष जागचा हलत नाही. म्हणून प्रतिमाही जागा सोडत नाही, जागच्या जागी किंचित वळते इतकेच. डबा 30 अंश फिरला की शेजारचा आरसा पुढचे चित्र त्याच ठिकाणी आणतो, आणि एक प्रतिमा विरता विरता दुसरी उमटते. मध्ये झडप नाही, अंधार नाही. मेणबत्तीच्या उजेडातही चेंडू झेलणारा कसरतपटू स्वच्छ दिसतो.

शाळेत पाठ केलेले एक स्पष्टीकरण इथे अपुरे पडते. प्रतिमा दृष्टिपटलावर 1/16 सेकंद टिकते म्हणून चित्रपट हलताना दिसतो, असे आपण दृष्टिसातत्याच्या धड्यात शिकलो. दृष्टिसातत्य खोटे नाही, पण त्याने फार तर दोन चित्रांमधला अंधार बुजेल. प्राक्सिनोस्कोपमध्ये बुजवायला अंधारच नाही, तरी हालचाल दिसते. जुनी प्रतिमा नुसती टिकून राहिली असती, तर एकावर एक चेंडूंची गर्दी दिसली असती, चेंडू उडताना दिसला नसता. स्थिर चित्रांमधली हालचाल मेंदू घडवतो; मानसशास्त्रज्ञ माक्स वेर्थायमरने त्यावरचे प्रयोग 1912 मध्ये प्रसिद्ध केले.

याच आरशांवर रेनोने आपले 'तेआत्र ओप्तिक', म्हणजे ग्रेव्हँमध्ये पडद्यावर चित्रे दाखवणारे यंत्र, उभारले. बारा चित्रांत गोष्ट मावत नाही, म्हणून त्याने जिलेटिनच्या चौकोनांवर हाताने चित्रे रंगवून ती छिद्रे पाडलेल्या लांब पट्ट्यात जोडली. 'पोव्र प्येरो' या खेळासाठी अशी सुमारे 500 चित्रे लागली. पट्टा तो हाताने फिरवी, हवा तिथे थांबवी, मागेही नेई. कल्याणच्या पटवर्धनांची 'शांबरिक खरोलिका', म्हणजे दिव्याच्या उजेडाने पडद्यावर चित्रे दाखवण्याचा खेळ, तीही रंगवलेल्या काचांची, याच दशकातली.

मात्र जे रंगवायला रेनोला महिने लागत, तेवढी दृश्ये ल्युमिएंचा कॅमेरा मिनिटाभरात टिपू लागला. 1900 मध्ये ग्रेव्हँमधले खेळ बंद झाले. पुढे निराश रेनोने आपले बहुतेक पट्टे सीन नदीत टाकले आणि 1918 मध्ये तो वारला. 'पोव्र प्येरो' आणि 'ओतूर द्यून काबीन' हे दोन पट्टे तेवढे उरले आहेत.