संधिवातासाठी तज्ज्ञांची वेळ घेताना: कोणाकडे जावे, कोणते कागद न्यावेत

सांधे दुखू लागले की पाय आपोआप हाडांच्या डॉक्टरांकडे वळतात. मार लागला असेल किंवा गुडघा झिजून शस्त्रक्रियेची वेळ आली असेल, तर तेच योग्य. पण शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटली असेल, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड संधिवात, अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस (मणक्याचा संधिवात) किंवा ल्युपस (सांध्यांसोबत इतर अवयवांवरही परिणाम करणारा आजार) असेल, तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे अशा संधिवातांचे तज्ज्ञ गाठावेत. हे औषधांनी उपचार करणारे फिजिशियन असतात, सर्जन नव्हेत. पाटीवर नुसते ‘संधिवाततज्ज्ञ’ दिसले तर पदवी आणि नोंदणी क्रमांक पाहून घ्या.

कोणी वेळ घ्यावी

एकाहून जास्त सांध्यांना सूज असेल, सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक वेळ सांधे आखडत असतील, तर थांबू नका. वयाच्या ४५ वर्षांआधी सुरू झालेली, ३ महिन्यांहून जुनी आणि हालचाल केल्यावर कमी होणारी कंबरदुखीही यातच मोडते. युलार या संधिवातावर काम करणाऱ्या युरोपातील संघटनेची शिफारस अशी की, कोणत्याही सांध्याला सूज आणि सोबत दुखणे किंवा आखडणे असलेल्या रुग्णाला लक्षणे सुरू झाल्यापासून ६ आठवड्यांत तज्ज्ञांनी तपासावे.

मात्र एखादाच सांधा अचानक लाल-गरम झाला आणि अंगात ताप असेल, तर अपॉइंटमेंटच्या भानगडीत पडू नका. सांध्यात जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. त्याच दिवशी तातडीच्या विभागात जा.

चिठ्ठी आणि फाइल

काही ठिकाणी थेट वेळ मिळते, काही ठिकाणी नेहमीच्या डॉक्टरांची रेफरल चिठ्ठी लागते. विमा असेल तर आधी मंजुरी लागते का, हेही विचारा. ‘सांधेदुखी, कृपया तपासावे’ एवढीच चिठ्ठी फारशी कामाची नाही. कोणते सांधे, कधीपासून, सूज डॉक्टरांनी स्वतः पाहिली का, रक्तात काय आले, हे त्यात असू द्या. अनेक ठिकाणी चिठ्ठी वाचूनच कोणाला आधी बोलवायचे ते ठरते.

फाइलमध्ये ओळखपत्र, विम्याचे कार्ड, ईएसआर आणि सीआरपी (शरीरातील दाह दाखवणाऱ्या रक्ततपासण्या), आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी (ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठीच्या रक्ततपासण्या), युरिक ॲसिड यांचे जे असतील ते रिपोर्ट तारखेप्रमाणे लावा. एक्स-रेचा नुसता अहवाल नको, फिल्मही हवी. आणि एक कागद हमखास राहतो: घेतलेल्या औषधांची यादी. स्टेरॉइड घेतले असेल तर त्याने सूज तात्पुरती ओसरते आणि तपासणीत काहीच सापडत नाही, म्हणून तारखेसह लिहा. पण चालू गोळी मनानेच बंदही करू नका. सूज येते-जाते, आणि नेमकी अपॉइंटमेंटच्या दिवशी दडी मारते. ती असताना मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

आरए फॅक्टर पॉझिटिव्ह आला म्हणून आजार ठरत नाही; तो निरोगी माणसातही सापडतो. निगेटिव्ह आला तरी आजार असू शकतो.

ग्रुप प्रॅक्टिस असेल तर

अनेक डॉक्टर मिळून एकच जागा, एकच काउंटर आणि एकच केस रेकॉर्ड चालवतात, ती ग्रुप प्रॅक्टिस. कुठे सगळे एकाच शाखेचे असतात, कुठे फिजिओथेरपी आणि लॅबही त्याच छताखाली. आपले डॉक्टर रजेवर गेले तरी दुसऱ्यांच्या हाती फाइल असते, हा मोठा फायदा. पण वेळ संस्थेच्या नावाने घेतली तर कोण तपासेल, याचा भरवसा नाही. फोनवर डॉक्टरांचे नाव सांगूनच वेळ घ्या.

पैशांचा घोळ इथेच होतो. संस्था विमा कंपनीच्या पॅनेलवर (मान्य यादीत) असली तरी तिथला प्रत्येक डॉक्टर असेलच असे नाही, आणि लॅबचे बिल वेगळे निघू शकते. दोन्ही गोष्टी विमा कंपनीकडूनच पक्क्या करा.

नोंदणीच्या अर्जात रेकॉर्ड इतरांना दाखवण्याची संमती असते. सही करण्याआधी वाचा, आणि डॉक्टरांनी संस्था सोडली तर आपल्याला फाइलची प्रत कशी मिळेल ते विचारा. मेथोट्रेक्सेटसारखे संधिवातावरचे, आठवड्यातून एकदाच घ्यायचे औषध सुरू झाले, तर ठरावीक काळाने यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी करावी लागते. ते रिपोर्ट मधल्या काळात कोण पाहणार आणि काही बिघडलेले दिसले तर फोन कोण करणार, याचे उत्तर पहिल्याच भेटीत नावासकट लिहून घ्या.