स्टुडंटलाइफ

स्टुडंटलाइफ : महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची झोप, हालचाल, बोलणे, ताण आणि अभ्यास यांची नोंद त्यांच्या खिशातल्या स्मार्टफोनकरवी घेणारा संशोधन-प्रकल्प. अमेरिकेच्या न्यू हॅम्पशर राज्यात हॅनोव्हर येथील डार्टमथ कॉलेजात २०१३ च्या वसंत सत्रात तो झाला. संगणकशास्त्राचे प्राध्यापक अँड्र्यू कॅम्पबेल यांच्या गटाने तो राबवला आणि रुई वांग प्रथम लेखक असलेला शोधनिबंध २०१४ मध्ये युबिकॉम्प या संगणकशास्त्राच्या परिषदेत सादर झाला.

त्याआधी विद्यार्थ्यांच्या स्वास्थ्याचा अभ्यास म्हणजे मुख्यतः प्रश्नावली. ती वर्षातून एक-दोनदा भरून घेतली जाई. पण महिनाभरापूर्वी रोज किती तास झोपलो, हे कोणालाच धड सांगता येत नाही. शिवाय दोन प्रश्नावल्यांच्या मधे काय घडले तेही कळत नाही. डार्टमथचे सत्र अवघे १० आठवड्यांचे असते. १५-१६ आठवड्यांच्या सत्राची सवय असलेल्यांना हा वेग चटकन लक्षात येत नाही. वर्ग सुरू झाले म्हणेतो सत्रमध्य परीक्षा येऊन ठेपते. त्यामुळे चढउतार आठवड्या-आठवड्याने टिपणे भागच होते.

सहभागी सगळे स्मार्टफोन प्रोग्रॅमिंगच्या एकाच वर्गातले. ६० जणांनी सुरुवात केली, त्यातल्या काहींनी अभ्यास सोडला, काहींनी विषयच सोडला, आणि विश्लेषणात ४८ उरले : ३० पदवीचे, १८ पदव्युत्तर, ३८ मुलगे, १० मुली. ज्यांच्याकडे आयफोन होता त्यांना नेक्सस ४ हा अँड्रॉइड फोन देण्यात आला. इथेच पहिली अडचण आली. स्वतःचा फोन माणूस सतत जवळ बाळगतो, दिलेला दुसरा फोन खोलीतच राहतो, आणि टेबलावर पडलेला फोन ‘हा माणूस जागचा हलला नाही’ अशी खोटी साक्ष देतो. म्हणून संशोधक रोजच्या रोज माहिती तपासत आणि ज्याची नोंद तुटक दिसे त्या विद्यार्थ्याला ईमेल करत.

फोनवरचे काम असे चाले. मायक्रोफोन एक मिनिट चालू, तीन मिनिटे बंद. मानवी संभाषण ओळखू आले तर ते संपेपर्यंत चालू. बोलण्याचा मजकूर साठवला जात नसे. आवाजाची वैशिष्ट्ये फोनमध्येच तपासून ‘संभाषण होते की नव्हते’ एवढाच निष्कर्ष ठेवला जाई. त्वरणमापकावरून (फोनची हालचाल टिपणाऱ्या भागावरून) बसणे-चालणे, जीपीएस व आवारातल्या वायफायवरून ठिकाण आणि ब्लूटूथवरून आसपासची उपकरणे कळत. झोपेसाठी अंगावर काहीच बांधायचे नव्हते : खोलीतला अंधार, शांतता, फोनची निश्चलता आणि फोन न वापरल्याचा काळ या चार खुणा जोडून झोपेचा अंदाज काढला जाई. गोळा झालेली माहिती फोन चार्जिंगला आणि वायफायवर असतानाच सर्व्हरवर जाई, म्हणजे बॅटरीवर आणि डेटापॅकवर भार पडत नसे.

याखेरीज दिवसातून काही वेळा फोनवर छोटे प्रश्न येत. ताण किती, याला एका स्पर्शात उत्तर द्यायचे. मनःस्थितीसाठी १६ छायाचित्रांतून एक निवडायचे. सत्राच्या आरंभी व अखेरीस मोठ्या प्रश्नावल्या होत्या : नैराश्याची पीएचक्यू-९, जाणवणाऱ्या ताणाची मापनश्रेणी, एकाकीपणाची यूसीएलए श्रेणी आणि भरभराटीची (आयुष्य किती समाधानाचे व अर्थपूर्ण वाटते याची) श्रेणी. पीएचक्यू-९ मध्ये गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० वा अधिक गुण म्हणजे मध्यम नैराश्याची शक्यता. हे निदान नव्हे, चाळणी आहे. टी-शर्ट, मनगटी पट्टे आणि नेक्सस फोन अशी बक्षिसे ठेवूनही सत्र पुढे सरकले तशी प्रश्नांना मिळणारी उत्तरे घटत गेली. ज्या दिवसांत ताण सर्वाधिक, त्याच दिवसांत उत्तरे विरळ होणे ही या पद्धतीची मूळचीच दुखरी बाजू आहे.

मुख्य निष्कर्षाला संशोधकांनी सत्राचे जीवनचक्र म्हटले. सत्राच्या आरंभी मुले प्रसन्न, बोलकी, पुरेशी झोपणारी आणि हिंडती-फिरती असतात. कामाचा बोजा वाढतो तसा ताण चढतो आणि झोप, संभाषण, हालचाल, प्रसन्नता सगळे उतरते. कमी झोपणाऱ्यांचे आणि कमी संभाषणांत असणाऱ्यांचे नैराश्याचे गुण जास्त निघाले. सहसंबंध उणे ०.४ च्या आसपास, म्हणजे एक घटले की दुसरे वाढण्याचा मध्यम कल (उणे १ म्हणजे पूर्ण उलटा संबंध, ० म्हणजे संबंध नाही). वर्गातली हजेरी सत्रभर घसरली, पण हजेरी आणि गुण यांचा संबंध काही आढळला नाही. हजेरीची टक्केवारी राखण्यासाठी धावपळ करणाऱ्या महाविद्यालयांना हे रुचणार नाही, मात्र एका वर्गावरून सरसकट नियम काढता येत नाही हेही तितकेच खरे. २०१५ च्या पुढच्या निबंधात ३० पदवी-विद्यार्थ्यांचा एकत्रित जीपीए (सर्व विषयांतल्या श्रेणींची सरासरी) या नोंदींवरून सुमारे ०.१८ च्या फरकाने वर्तवता आला.

आकडे वाचताना सावध राहावे. तीव्र नैराश्याच्या गटात एक-दोनच विद्यार्थी होते, त्यामुळे त्यातला एक जण कमी झाला तरी सहसंबंध हलू शकतो. संगणकाच्या वर्गात मुलगे जवळपास चौपट, म्हणून मुलींबद्दल यातून फारसे काही म्हणता येत नाही. आणि कमी झोपेमुळे नैराश्य की नैराश्यामुळे कमी झोप, हे सहसंबंध सांगत नाही.

पुढे याच गटाने २०१७ ते २०२२ या काळात दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांची सलग चार वर्षांची नोंद ठेवली. मधेच कोविड आल्याने टाळेबंदीआधीची आणि नंतरची वागणूक शेजारीशेजारी ठेवता आली : २०२० च्या हिवाळी सत्रात बैठेपणा, चिंता आणि नैराश्य तिन्ही वाढलेले दिसले.

२०१३ ची माहिती नावे काढून खुली केली आहे आणि जगभर वापरली जाते. मात्र आवार लहान असेल तर ठिकाण आणि वेळ एवढ्यावरूनही माणूस ओळखू येऊ शकतो. ही पद्धत महाराष्ट्रातल्या एखाद्या वसतिगृहात उचलायची तर झोपेचे गणित आधी बदलावे लागेल. चौघांच्या खोलीत एकाचा दिवा रात्री दोनपर्यंत जळतो, दुसऱ्याचे फोनवर बोलणे चालू असते. अंधार आणि शांतता या दोन खुणा तिथे झोपलेल्या माणसाला जागा ठरवतात आणि मायक्रोफोन खोलीमित्राचे बोलणे त्याच्या खात्यावर जमा करतो.