हाताने चालणारी साधनं आणि साठवणीचे डबे : वापर आणि निगा

या साधनांना मोटर नाही, त्यामुळे जळण्यासारखं काही नाही. पण पातं, स्प्रिंग, दोरी, रबरी रिंग यांचीही वापरायची एक रीत असते. बिघडली म्हणून आमच्याकडे परत आलेली वस्तू उघडली की मोडतोड क्वचितच दिसते. बहुधा आत अडकून वाळलेला चोथा असतो, नाहीतर स्प्रिंगपर्यंत पोचलेलं पाणी. म्हणून या पत्रकात धुण्यापुसण्याबद्दल जरा जास्तच लिहिलं आहे.

दोरीचा चॉपर

झाकणाच्या पोटात एक चक्री आणि गुंडाळलेली स्प्रिंग असते. दोरी ओढली की चक्री फिरते, तिच्याबरोबर खालची पाती फिरतात. दोरी सैल सोडली की स्प्रिंग ती पुन्हा आत घेते. भांडं निम्म्याच्या वर भरलं तर पात्यांना फिरायला जागा उरत नाही आणि सगळा ताण दोरीवर येतो. भाजीचे आधी सुरीने 2–3 सेंटीमीटरचे तुकडे करा.

दोरी आडवी, सरळ रेषेत ओढा. तिरकी ओढली तर ती भोकाच्या कडेला घासून झिजते. परत जाताना मूठ हातातच ठेवा. झटक्याने सुटलेली दोरी आत गुंतते. चार-पाच वेळा ओढून झालं की झाकण काढून बघा. कांदा गरजेपेक्षा जास्त फिरवला तर त्याला पाणी सुटतं आणि मग तो परतायला वेळ लागतो. उकडलेला बटाटा यात घालूच नका. पात्यांनी त्यातला स्टार्च मोकळा होतो आणि खळीसारखा चिकट गोळा हाती येतो. त्याला साधा मॅशर बरा. बर्फ आणि टणक बियाही नकोत.

झाकण नळाखाली धरू नका, साबणाच्या पाण्यात बुडवू नका. ओल्या फडक्याने पुसा. पाती मधल्या प्लॅस्टिकच्या दांडीला धरूनच उचला. फेसाच्या पाण्यात भिजत ठेवलेली पाती दिसत नाहीत, आणि बोट नेमकं तिथेच जातं.

सोलाणं, किसणी, स्लायसर

फिरत्या पात्याचं सोलाणं दाबून चालवायचं नसतं. पातं स्वतःच सालीच्या चढउताराप्रमाणे कलतं. जोर लावला की सालीबरोबर गरही जातो. किसणी काम संपताच उलट्या बाजूने पाण्याची धार सोडून धुवा. कीस दातांत वाळला की ब्रशलाही दाद देत नाही. स्लायसरबरोबर येणारी हाताची ढाल बरेच जण पहिल्याच दिवशी कपाटात टाकतात. ती लावूनच काप करा. शेवटचा तुकडा सुरीने कापता येतो.

लिंबू पिळायचा चिमटा

अर्धं लिंबू कापलेली बाजू खाली, म्हणजे भोकांकडे ठेवून घाला. वाटीत नीट बसतं म्हणून बरेच जण ते उलटं ठेवतात. मग रस भोकांतून न पडता वर उडतो. बरोबर ठेवलं तर वरचा घुमट साल आतून बाहेर उलटवतो आणि रस सरळ खाली येतो.

लसूण दाबायचं यंत्र आम्ही विकतो, पण रोज दोनच पाकळ्या लागत असतील तर घेऊ नका. ते धुण्यात जाणारा वेळ पाहता सुरीचं रुंद पातं आडवं धरून पाकळी दाबणं सोपं.

हवाबंद डबे

हवाबंद डबा बाहेरची हवा आणि ओल आत येऊ देत नाही. आत आधीच असलेली ओल मात्र तोही घालवू शकत नाही. गरम पदार्थ भरून लगेच झाकण लावलं तर वाफ झाकणाला धरते, थेंब खाली पडतात आणि बुरशी येते. सुका पदार्थ पूर्ण गार झाल्यावर भरा. डबा धुतल्यावर झाकणाची रिंग काढून वेगळी वाळवा. खाचेतलं पाणी वरून दिसत नाही. तळाशी उरलेल्या जुन्या मालावर नवा ओतू नका. जुना आधी काढा, डबा पुसा आणि भरल्याची तारीख लिहा.

धान्यात कीड होते ती बऱ्याचदा त्यातच असलेल्या अंड्यांतून, त्यामुळे चांगला डबा असूनही ती दिसते. फ्रीझरमध्ये जागा असेल तर नवं धान्य उणे 18 अंश सेल्सिअसला 4 दिवस बंद पिशवीत ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका, नाहीतर थंड दाण्यांवर दव जमेल.

हातपंपाने हवा काढायचे डबे सुक्या पदार्थांचा कुरकुरीतपणा टिकवतात आणि तेलकट पदार्थ खवट होण्याचा वेग कमी करतात. ते फ्रिजची जागा घेत नाहीत. काही घातक जिवाणू हवा नसतानाच वाढतात, म्हणून शिजवलेलं अन्न किंवा तेलात बुडवलेला कच्चा लसूण अशा डब्यात बाहेर ठेवू नका. त्याला 5 अंशांखालचा थंडावा हवाच.

खाद्यतेलाला उजेडही सोसत नाही. ते पारदर्शक बरणीत असेल तर कपाटाच्या आत ठेवा. चौकोनी डब्यांनी फळीवरची जागा वाचते, गोल डबे धुवायला सोपे. निम्मे-निम्मे घेतलेत तरी चालेल. प्लॅस्टिकच्या डब्याच्या तळाशी त्रिकोणात 5 आकडा असेल तर तो पॉलिप्रोपिलीनचा. आकड्यावरून फक्त प्लॅस्टिकचा प्रकार कळतो. मायक्रोवेव्हसाठी डब्यावर तशी वेगळी खूण आहे का ते बघा.

सुटे भाग

रिंग सैल झाली तर डबा टाकू नका. झाकण कोणत्या डब्याचं आहे ते आणि डब्याच्या तोंडाचा आतला व्यास मिलिमीटरमध्ये मोजून कळवा, रिंग वेगळी मिळते. चॉपरची दोरी तुटल्यास झाकण घरी उघडू नका. आतली स्प्रिंग ताणलेली असते आणि उघडताच उसळते. पूर्ण झाकणच आमच्याकडे आणा.