टेनिस एल्बोवरील अल्पछेद शस्त्रक्रिया

कोपराच्या बाहेरच्या उंचवट्याशी जडलेल्या कंडरेचा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या ऊतीचा) खराब झालेला भाग लहानशा छेदातून, दुर्बिणीतून किंवा जाड सुईच्या वाटेने काढून टाकणे, अथवा ती कंडरा तेथून सैल करणे, अशा पद्धतींना मिळून टेनिस एल्बोवरील, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्यावरील, अल्पछेद शस्त्रक्रिया म्हणतात. लॉन टेनिसशी जोडलेले या दुखण्याचे नाव 1883 पासून रूढ झाले. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांनी रॅकेट कधी हाती धरलेली नसते. ओले कापड पिळताना किंवा भरलेले भांडे उचलताना उठणारी कळ हीच त्यांची मुख्य तक्रार असते.

दोष प्रामुख्याने मनगट मागे वळवणाऱ्या एका स्नायूच्या कंडरेत असतो. तिला सूज आली आहे, असा समज बराच काळ होता. 1979 मध्ये निर्शल आणि पेट्रोन या शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या ऊती सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा दाहाच्या पेशींऐवजी विस्कटलेले तंतू आणि नव्याने उगवलेल्या बारीक रक्तवाहिन्या आढळल्या. निरोगी कंडरा पांढरी व चकचकीत दिसते, तर हा भाग करडा, मऊ आणि सहज तुटणारा असतो. तो नेमका काढावा, या विचारावरच पुढच्या बहुतेक पद्धती उभ्या आहेत.

सर्वांत साध्या पद्धतीत सुमारे एक सेंटिमीटरच्या छेदातून कंडरा हाडापासून सोडवतात. त्यासाठी स्थानिक भूल पुरते. दुसऱ्या पद्धतीत सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पोकळ सुई आत नेली जाते, तिच्या टोकाच्या अतिजलद कंपनांनी खराब ऊती फुटतात आणि त्याच सुईतून ओढून घेतल्या जातात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सांध्याची आतली बाजूही तपासता येते, हा तिचा खरा लाभ होय. मात्र कोपराच्या पुढून जाणारी नस (मज्जातंतू) छेदांच्या वाटेजवळ असल्याने हात सरावलेला लागतो. कापणी मागच्या बाजूला फार सरकली, तर सांधा स्थिर ठेवणारा बाहेरचा अस्थिबंध दुखावून कोपर डळमळीत होण्याचा धोका असतो.

बहुतेकांचे दुखणे साधारण वर्षभरात शस्त्रक्रियेविना शमते, म्हणून व्यायाम, कामाच्या पद्धतीत बदल आणि पट्टा यांना सहा ते बारा महिने देऊनही आराम न पडल्यासच हा मार्ग विचारात घेतला जातो. स्टेरॉइडचे इंजेक्शन सुरुवातीचे काही आठवडे दिलासा देते. वर्षाअखेर मात्र ते घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट असल्याचे चाचण्यांत दिसले आहे. शस्त्रक्रियेनंतर हलकी हालचाल लवकर सुरू होते, पण जड वजन उचलण्यासाठी काही महिने थांबावे लागते.

छेद लहान असल्याने रुग्ण कामावर लवकर परततो, हे मान्य आहे; मूळ उपचाराचा गुण किती, याबद्दल मात्र वाद आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रोस्लाक आणि मरेल यांच्या चाचणीत 26 रुग्णांपैकी काहींची खराब कंडरा छेद घेऊन काढली, तर इतरांना त्वचेवर छेद देऊन कंडरा केवळ उघडी केली आणि तिला हात न लावता टाके घातले. दोन्ही गटांना जवळजवळ सारखाच आराम पडला. चाचणी लहान होती आणि शस्त्रक्रिया उघड्या पद्धतीची होती, तरी कंडरेचा तोच भाग काढणाऱ्या अल्पछेद पद्धतींनाही तिचा निष्कर्ष सहज टाळता येत नाही.